पडल्यानंतर आखडलेला खांदा : सुया कधी, किती आणि कशासाठी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय ५२, शाळेत शिक्षिका, सहा वर्षांपासून डायबेटिस. साडेचार महिन्यांपूर्वी स्कूटरवरून उजव्या खांद्यावर पडलात. एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर दिसलं नाही म्हणून पाच आठवडे हात झोळीत ठेवला. आता फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर लिहिता येत नाही, अंबाडा घालता येत नाही, रात्री त्या कुशीवर वळलं की कळ येऊन जाग येते. ऑर्थोपेडिक डॉक्टर खांद्यात इंजेक्शन घ्या म्हणतात. नणंद म्हणते, अ‍ॅक्युपंक्चरच्या दहा सिटिंग घ्या, गॅरंटी आहे. यजमानांचं म्हणणं, सुया वगैरे सगळे मनाचे खेळ. आणि तुम्ही विचारलंय, ‘अ‍ॅक्युपंक्चरने माझा हात वर जाईल का?’

मी मूळची फिजिओथेरपिस्ट. अ‍ॅक्युपंक्चर शिकून सुया लावायला लागले त्याला बावीस वर्षं झाली. खांदेदुखीचे पेशंट माझ्याकडे रोज असतात, तरी तुमच्या प्रश्नाला मी हो किंवा नाही असं उत्तर देणार नाही. कारण त्याच्या आधीचा एक प्रश्न अजून कुणी विचारलेलाच दिसत नाही : तुमचा हात वर का जात नाही? दुखतं म्हणून जात नाही, सांधा आखडला म्हणून जात नाही, की हात उचलणारा स्नायूच तुटलाय म्हणून जात नाही? बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. सुयांचा उपयोग मात्र तिन्हींत अगदी वेगवेगळा आहे.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे खांदा नॉर्मल आहे असं होत नाही. एक्स-रेमध्ये हाड दिसतं. खांदा उचलणारे चार स्नायू आणि हाडाला चिकटणाऱ्या त्यांच्या दोऱ्या त्यात दिसत नाहीत. पन्नाशीनंतर या दोऱ्या तशाही झिजलेल्या असतात, आणि खांद्यावर पडलं की त्यातली वरची, सुप्रास्पायनेटसची, फाटायची शक्यता बरीच असते. कधीकधी तर खांद्याच्या टोकाचा हाडाचा बारीक टवकाही पहिल्या एक्स-रेमध्ये निसटतो.

घरी एक गोष्ट करून बघा. स्टुलावर बसा आणि हात समोरून स्वतः जेवढा वर जाईल तेवढा न्या. मग हात पूर्ण सैल सोडा आणि यजमानांना कोपराखाली हात धरून तो हळूहळू उचलायला सांगा. दोन्ही वेळा हात एकाच जागी अडला, दार अर्धं उघडून मागे कपाट लागावं तसा, तर सांधा आखडलाय. तुम्ही उचलताना तो छातीपर्यंतच जातो आणि त्यांनी उचलल्यावर बराच वर जातो, असं असेल तर दोरी फाटल्याचा किंवा नस दुखावल्याचा संशय घ्यायचा. दुसरी खूण : दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा आणि खिडकीची दोन दारं उघडावीत तसे पंजे बाहेर फिरवा. डावा फिरतो आणि उजवा ढकलूनही फिरत नाही, तर तो बहुतेक फ्रोजन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा. आणि दुखणं कोपराखाली उतरून बोटांना मुंग्या येत असतील, मान वळवल्यावर त्या वाढत असतील, तर मान तपासायला हवी.

या घरच्या खुणा आहेत, निदान नव्हे. जास्त दुखत असलं की माणूस हात सैल सोडतच नाही आणि सगळा गोंधळ होतो. म्हणून पडण्याचा इतिहास, पन्नाशी उलटलेली आणि चार महिन्यांनंतरही हात वर जात नाही, एवढ्या तीन गोष्टी एकत्र आल्या की खांद्याची सोनोग्राफी झाल्याशिवाय मी पहिली सुई लावत नाही. एमआरआयपेक्षा ती खूप स्वस्त असते आणि सराव असलेल्या रेडिओलॉजिस्टला दोरीची फाट त्यात चांगली दिसते.

हा नियम मी पुस्तकातून घेतलेला नाही. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी साठीचे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर माझ्याकडे आले होते. बाथरूममध्ये घसरून पडलेले, एक्स-रे नॉर्मल. मी त्यांना आठ सिटिंग दिल्या. दुसऱ्या-तिसऱ्या सिटिंगपासून त्यांना झोप लागायला लागली, गोळ्या सुटल्या, ते खूश आणि मीही खूश. हात मात्र तिथेच. नवव्या वेळी मी त्यांचा हात खांद्याच्या रेषेपर्यंत उचलला आणि म्हटलं, ‘आता धरून ठेवा.’ मी हात सोडला आणि त्यांचा हात दगडासारखा खाली आला. सोनोग्राफीत सुप्रास्पायनेटस पूर्ण फाटलेला निघाला. तोपर्यंत पडून चार महिने होऊन गेले होते; दोरी मागे सरकली होती, स्नायू वाळायला लागला होता, आणि सर्जनने स्पष्ट सांगितलं की आधी आला असतात तर टाके जास्त चांगले धरले असते. त्या आठ सिटिंगमध्ये मी त्यांचं दुखणं खरोखर कमी केलं होतं, आणि त्यामुळेच त्यांना डॉक्टरकडे जायची घाई वाटली नाही. सुई दुखणं शमवते, तुटलेलं जोडत नाही. हे मला माहीत होतं, पण ते खरं कळलं त्या दिवशी.

आता तुमच्या बाबतीत काय असण्याची शक्यता जास्त? तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून मला फ्रोजन शोल्डर वाटतो. पाच आठवडे हात हलला नाही, वय बावन्न, आणि डायबेटिस. शंभर जणांत दोन ते पाच जणांना कधी ना कधी फ्रोजन शोल्डर होतो, डायबेटिस असेल तर शंभरात दहा ते वीस जणांना. चिनी भाषेत याला चक्क ‘वूशी जियान’ म्हणतात, म्हणजे पन्नाशीचा खांदा. सांध्याभोवतीची पिशवी सुजते, जाड होते आणि आकसते. ओल्या चामड्याची चप्पल वाळून आखडते ना, तसंच. आधी काही महिने दुखणं जास्त, मग दुखणं उतरतं पण आखडलेपण राहतं, मग हळूहळू सुटत जातं. हा सगळा प्रवास एक ते तीन वर्षांचा असतो, आणि डायबेटिसवाल्यांचा बहुधा लांबतो. म्हणून दहा सिटिंगची गॅरंटी देणाऱ्यावर माझा विश्वास नाही. जाड झालेली पिशवी सुई टोचून पातळ होत नाही.

मग सुई कशासाठी? रात्रीची कळ उतरवण्यासाठी, आणि व्यायामाला जागा करून देण्यासाठी. दुखणाऱ्या खांद्याभोवतीचे स्नायू चोवीस तास आवळून बसलेले असतात. पेशंट म्हणतात, ‘व्यायाम करायचाय हो, पण हात लावू देत नाही.’ सुया लावल्यावर अनेकांना काही तास, कधी दोन-तीन दिवस, हे आवळलेपण सुटल्यासारखं वाटतं. तेवढ्या वेळात हात हलवला तर कमाई तुमची. सुया काढून घरी जाऊन टीव्हीसमोर बसलात, तर आराम वाटेल आणि पुढच्या आठवड्यात खांदा होता तिथेच असेल.

यजमानांच्या शंकेला मी टाळणार नाही, ती रास्त आहे. जर्मनीत जुन्या कंबरदुखीच्या ११६२ पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, २००७ साली प्रसिद्ध झाला. नेमक्या बिंदूंवर सुया लावलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना सहा महिन्यांनी चांगला फरक होता. मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर सुया लावलेल्यांपैकी ४४.२ टक्के. आणि औषधं, व्यायाम, फिजिओथेरपी अशी नेहमीची ट्रीटमेंट घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के. हे आकडे मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला दाखवते. खोट्या सुयांनाही जवळपास तेवढंच यश आलं, म्हणजे कंबरेच्या बाबतीत बिंदूच्या नेमकेपणाचा आम्ही करतो तेवढा बाऊ खरा नाही. पण दोन्ही सुया नेहमीच्या ट्रीटमेंटपेक्षा बऱ्याच पुढे राहिल्या, हेही त्याच कागदावर आहे.

खांद्याचं चित्र थोडं वेगळं. जर्मनीतच खांद्याचं जुनं दुखणं असलेल्या ४२४ जणांवर अभ्यास झाला, सहा आठवड्यांत पंधरा सिटिंग. ट्रीटमेंट संपल्यावर तीन महिन्यांनी खऱ्या सुयांच्या गटात ६५ टक्के लोकांचं दुखणं निम्म्याने किंवा जास्त उतरलं होतं, खोट्या सुयांच्या गटात २४ टक्के, नेहमीच्या ऑर्थोपेडिक उपचारांच्या गटात ३७ टक्के. इथे जागेने फरक पडलेला दिसतो. पण मुख्य मोजमाप दुखण्याचं होतं, हात किती वर गेला याचं नव्हे. म्हणून हे आकडे दाखवून ‘हात वर जाईल’ असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. ‘दुखणं उतरण्याची शक्यता चांगली आहे’ एवढंच सांगू शकते.

शरीरात काय होतं याबद्दलही काही धागे हाताशी आहेत. १९७७ मध्ये अमेरिकेत माणसांच्या दातांना कळ देऊन, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातल्या ‘हेगू’ बिंदूवर सुई लावून बघितलं. कळ कमी झाली, आणि अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन टोचल्यावर परत आली. म्हणजे शरीर स्वतःचंच वेदनाशामक सोडत होतं. २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात सुईच्या आसपास अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य वाढलेलं सापडलं, आणि ते ओळखू न शकणाऱ्या उंदरांवर सुईचा परिणाम झाला नाही. उंदराला कुणी विश्वासाने बरं करत नाही, एवढं यजमानांना सांगा. मनाचा भाग अर्थातच आहे. स्वच्छ खोली, वीस मिनिटं शांत पडून राहणं, कुणीतरी नीट ऐकून घेणं, याने दुखणं उतरतं, आणि रात्री तीन वाजता उठून बसणाऱ्या बाईला तेवढंही हवं असतं.

सुयांची भीती वाटते म्हणालात, तर प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. रक्त काढायची सुई साधारण ०.७ मिलिमीटर जाडीची आणि आतून पोकळ असते. माझी सुई ०.२५ मिलिमीटरची, भरीव आणि लवचिक. बोटाने दाबली तर वाकते. स्पिरिटने जागा पुसायची, प्लॅस्टिकची नळी टेकवायची, वरून एक टिचकी. टोचल्याचं बहुतेकांना कळतही नाही. मग सुई हळूहळू आत सरकवून फिरवली की एक वेगळीच जाणीव होते : जडपणा, आतून कुणी ओढल्यासारखं, पसरत जाणारी ठणक. चिनी वैद्य तिला ‘दे ची’ म्हणतात. माझे पेशंट म्हणतात, ‘मॅडम, लागली बघा बरोबर.’ ती जाणीव हवी आहे. विजेच्या झटक्यासारखी तीव्र कळ आली तर ती नको. लगेच सांगायचं, सुई मागे घेतली जाते.

खांद्यासाठी मी सुरुवात बऱ्याचदा पायापासून करते. नडगीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघा आणि घोट्याच्या मध्यावर ‘तियाओकौ’ नावाचा बिंदू आहे. पेशंटला खुर्चीत बसवायचं, त्या बिंदूवर सुई लावायची, आणि मी ती फिरवत असताना पेशंटने हात समोरून, बाजूने, पाठीमागे जेवढा जाईल तेवढा न्यायचा. दुखऱ्या जागेला हात न लावता हात चार बोटं वर गेला की पेशंटचा चेहरा बघण्यासारखा असतो. प्रत्येकाचा जात नाही, आणि गेलेला दुसऱ्या दिवशी पुष्कळदा उतरतोही. पण ‘हात हलवला की काही तरी तुटेल’ ही भीती तिथे मोडते. त्यानंतर झोपवून खांद्याभोवती चार-पाच सुया, वीस ते पंचवीस मिनिटं.

इंजेक्शनबद्दल. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला चुकीचा नाही. फ्रोजन शोल्डरच्या सुरुवातीच्या, जास्त दुखण्याच्या काळात सांध्यात दिलेलं स्टेरॉईड लवकर आराम देतं, आणि कळ असह्य असेल तर मी स्वतः पेशंटला परत डॉक्टरकडे पाठवते. तुमच्या बाबतीत अडचण साखरेची : इंजेक्शननंतर काही दिवस ती चढते. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, किती आहे ते तुम्ही लिहिलं नाही, आणि खरा निर्णय त्यावरच आहे. साखर आटोक्यात असेल तर घरच्या मशीनवर रोज बघत इंजेक्शन घेता येईल. आधीच भडकलेली असेल तर सुया आणि व्यायामापासून सुरुवात करणं मला जास्त बरं वाटतं. दोन्हींमध्ये भांडण नाही. फक्त इंजेक्शन घेतलंत तर त्या सांध्याजवळ मी दोन आठवडे सुई लावत नाही, इन्फेक्शनचा धोका नको म्हणून.

डायबेटिस आहे म्हणून आणखी काही गोष्टी. उपाशी पोटी सुया लावून घेऊ नका. सकाळची गोळी घेतली आणि नाश्ता राहिला, अशा अवस्थेत चक्कर येऊन पडलेले पेशंट मी सावरले आहेत. पायांची संवेदना कमी झाली असेल तर आधी सांगा, आणि तिथे शेक किंवा मोक्साची (सुक्या वनस्पतीची वात पेटवून देतात ती) धुरी अजिबात घेऊ नका, भाजलेलं कळत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिचं नाव सांगा. पेसमेकर असणाऱ्यांना सुयांना लावायचा करंट देत नाहीत.

आणि एक धोका असा, जो क्वचितच घडतो पण माहीत असायलाच हवा. मान आणि खांद्याच्या मधल्या मांसल भागाखाली, तसंच पाठीत, फुप्फुस फार जवळ असतं. तिथे सुई सरळ खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. जर्मनीत २,२९,२३० पेशंटच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झालेला होता, बहुतेक काळंनिळं होणं किंवा थोडं रक्त येणं. फुप्फुसाला इजा दोघांना झाली होती. प्रमाण नगण्य आहे, पण सिटिंगनंतर काही तासांनीही छातीत एका बाजूला कळ आली किंवा धाप लागली, तर ‘सुयांचा गुण येतोय’ म्हणत घरी थांबू नका, सरळ हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

किती सिटिंग? मी आठवड्यातून दोन, तीन आठवडे, अशा सहा सांगते आणि पहिल्याच दिवशी तीन गोष्टी लिहून घेते. भिंतीकडे तोंड करून बोटं वर सरकवायची, पोचतील तिथे पेन्सिलने खूण आणि तारीख. पाठीमागे हात नेऊन अंगठा कुठवर जातो : कुल्ला, परकराची नाडी, की ब्लाउजची खालची कड. आणि रात्री किती वेळा जाग आली, तो आकडा कॅलेंडरच्या चौकटीत. सहा सिटिंगनंतर जाग येणं कमी झालं नसेल आणि पेन्सिलची खूण हलली नसेल, तर सातवी सिटिंग देऊन मी पैसे घेत नाही. फरक दिसत असेल तर आणखी सहा, हळूहळू अंतर वाढवत. एकदम दहा-वीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ भरायला सांगणाऱ्याकडे जाऊ नका, कारण मग थांबायचं कधी हे कुणीच ठरवत नाही.

सुया लावणारा निवडताना नोंदणी विचारा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे आणि परिषदेकडे नोंदणी करावी लागते. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातंय आणि वापरलेल्या सुया डब्यात टाकल्या जातायत, हे डोळ्यांनी बघा. बऱ्याच क्लिनिकमध्ये डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची तसबीर असते, आणि अ‍ॅक्युपंक्चर त्यांनीच भारतात आणलं असं लोक सांगतात. सोलापूरचे कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ही विद्या भारतात आणली ती त्याच पथकातल्या डॉ. बिजयकुमार बसूंनी, पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन शिकून आल्यावर. कोटणीसांबद्दल मलाही अपार आदर आहे, पण तसबीर म्हणजे नोंदणी नव्हे.

हाडवैद्याकडे जाऊन ‘एका झटक्यात मोकळा’ करून घेऊ नका, ही हात जोडून विनंती. दुखऱ्या टप्प्यात ओढलेला खांदा आणखी चिडतो, आणि दोरी अर्धवट फाटलेली असेल तर पूर्ण फाटू शकते.

आता क्रम. या आठवड्यात सोनोग्राफी आणि एचबीएवनसी. तोवर दिवसातून चार वेळा एवढंच करा : डाव्या हाताने टेबल धरून कमरेत वाका, उजवा हात विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा सैल लोंबू द्या आणि दोन मिनिटं हलकेच गोल फिरवा. कळ येण्याच्या आतच थांबायचं. झोळी बंद. रात्री उताणं झोपून कोपराखाली पातळ उशी घ्या, खांदा मागे लोंबकळत नाही आणि निम्मी जाग तिथेच टळते. फळ्याच्या वरच्या ओळी सध्या मुलांकडून लिहून घ्या.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये सुप्रास्पायनेटससमोर काय लिहिलंय ते मला कळवा. ‘पूर्ण फाट’ असं असेल तर अ‍ॅक्युपंक्चरवाल्याकडे नव्हे, खांद्याच्या सर्जनकडे जा, आणि तेही याच महिन्यात.